तोट्यातलं केंद्र

चेरीताल मोहल्ल्यातल्या अच्युत देवपुजारींची सगळी नोकरी संरक्षण कारखान्याच्या हिशेब विभागात झाली. तरी निवृत्तीचे बहुतेक पैसे त्यांनी काहीएक न तपासता एका आरोग्य कंपनीच्या शेअरमध्ये घातले. बायको जयाचं डायलिसिस त्याच कंपनीच्या केंद्रात व्हायचं. जागा स्वच्छ, सिस्टर मायेच्या आणि दर इतरांपेक्षा बराच कमी. आपल्या माणसाला जगवणारी कंपनी बुडेल, असं त्यांच्या मनातच आलं नाही.

शेअर घसरला तेव्हा स्वस्त मिळतोय म्हणून त्यांनी आणखी घेतले. निम्म्याच्याही खाली गेला, तेव्हा कुठे ते कंपनीचा वार्षिक अहवाल घेऊन बसले. रुग्ण वाढत होते, विक्री वाढत होती, पण केंद्रं चालवायला मिळकतीहून जास्त खर्च येत होता. पगारसुद्धा कर्जातून होत होते. मालकांनी आपले शेअर गहाण टाकले होते. कंपनी पुढे चालेल की नाही, याचीच शंका ऑडिटरने नोंदवली होती.

कमानिया गेटजवळ एका सीएकडे काम करणारा भाचा स्वप्निल म्हणाला, "मामा, मिळेल त्या भावात विकून टाका. आता हे लोक छोट्या शहरांतली केंद्रं आधी बंद करतील."

अच्युतरावांना शेअरचं दुःख तिथेच विसरायला झालं. जयाचा तो कमी दर म्हणजेच कंपनीचा तोटा होता.

घरी जया म्हणाली, "काहून असे गप्प बसून राहिले?"

त्यांनी सगळं सांगितलं.

"मग मी जाऊ कुठं?" एवढंच तिने विचारलं.

शेअर विकून हाती फार थोडं आलं. पावसाळा संपायच्या आत केंद्राला कुलूप लागलं. सरकारी इस्पितळात नंबर लागेना, खाजगीचे दर पेन्शनला झेपेनात. आठवड्यातून तीनदा व्हायचं ते डायलिसिस दोनदावर आलं. जयाचे पाय सुजले, जिना चढताना तिला धाप लागू लागली.

एकदा खाजगी दवाखान्यातून बाहेर पडताना तिने त्यांचा हात धरला. "पुढच्या खेपेला नाही आलो, तर चालन का जी?"

अच्युतरावांनी ऑटो थांबवला, तिला आत बसवलं आणि "भैया, ज़रा धीरे चलाना" म्हणून शेजारी बसले.