भिंतीवरचे सिक्सर

माझ्या मुलाला टीममधून काढलं ते माझ्यासमोर. आमच्या गावची टेनिस बॉलची टीम मस्कतमध्ये दर शुक्रवारी सकाळी खेळते. कॅप्टन माझ्या थोरल्या दिराचा मुलगा. इतकी वर्षं ओपनिंगला माझाच मुलगा जायचा. त्या दिवशी कॅप्टन सगळ्यांपुढे म्हणाला, "चाची, पोराचं पोट बघ तुझ्या. आता त्याने बाटल्या सांभाळायच्या." बायका हसल्या. माझी शेजारीण तर पदर तोंडाला लावून हसली. मुलगाही हसला. मी ते हसणं गाठीला बांधलं.

त्याच्या जागी गावाहून नवाच आलेला, रुसैलच्या कारखान्यात लागलेला एक जण घेतला. त्याने आल्या आल्या तीन मॅच जिंकून दिल्या. सिक्सरवर सिक्सर. कॅप्टन त्याला खांद्यावर घेऊन नाचला.

मी चौथीपर्यंत शिकले, पण डोळे फुटलेले नाहीत. दार्सैतचं आमचं मैदान म्हणजे इमारतींमधली खडीची मोकळी जागा. एका बाजूला भिंत अगदी जवळ. त्याचे सगळे सिक्सर त्याच भिंतीवरून. बॉल उंच जायचा, लांब नाही. भिंत नसती तर प्रत्येक सिक्सरचा कॅच झाला असता. आणि फायनल होती रुसैलकडच्या मोठ्या मैदानावर.

मी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "अम्मा, तू बोल ना कॅप्टनशी. मी बोललो तर म्हणतील, जळतो."

"नाही बोलणार."

"अगं, कप जाईल गावाचा."

"जाऊ दे."

फायनलच्या आदल्या दिवशी कॅप्टन बिर्याणीचं पातेलं न्यायला आला. "काय चाची, टिकेल ना आपला हिरा?"

"न टिकायला काय झालं? तू निवडलायस."

"इन्शाल्ला!" म्हणत खुशीत गेला.

फायनलला हिऱ्याने पहिलाच फटका उंच मारला. बॉल आभाळात गेला आणि सरळ खाली आला. खाली माणूस उभाच होता. बाकीची टीम पत्त्यांच्या बंगल्यासारखी पडली. कप शेजारच्या गावाने नेला. आमच्या बायका रडवेल्या झाल्या. मी पिशवीतला खजूर काढून खाल्ला. घरी येताना मुलगा माझ्या शेजारी न बसता गाडीत पुढे जाऊन बसला. बसू दे.

पुढच्या आठवड्यात कॅप्टन दारात उभा. बस म्हटलं नाही मी. तो खाली बघत पुटपुटला, "चाची, शुक्रवारी त्याला पाठव. ओपनिंगला."

आत मुलगा बूट शोधायलाही लागला होता. मानापमानच नाही त्याला.

माझे कान चांगले आहेत. पण समोर शेजारणीचं दार उघडं होतं आणि ती आत भाजी निवडत बसली होती.

"मोठ्याने बोल," मी म्हटलं. "त्या दिवशी बोललास तेवढ्या मोठ्याने."

त्याला बोलावं लागलं.