डब्यातली अवघड चिठ्ठी

वारज्यात इंग्रजीचा क्लास चालवायचा म्हणजे किस्से जमवावे लागत नाहीत, तपासायच्या वह्यांसारखे ते आपोआप साठतात. त्यातले हे मुग्धाचे. मुग्धा म्हणजे माझ्या दहावीच्या बॅचमधली सगळ्यात हुशार मुलगी.

*

शेजारच्या खोलीत गणित शिकवणारे सर म्हणाले, "अहो, हुशार पोरांना काय शिकवायचं? त्यांच्या वाटेत येऊ नका, पुरे!"

झालं! मी इरेला पेटले. बिस्किटाचा रिकामा डबा आणला, त्यात अवघड प्रश्नांच्या चिठ्ठ्या टाकल्या. ज्याचं काम आधी संपेल, त्याने एक चिठ्ठी उचलायची.

*

आठवड्याभरात कुणाचंच काम आधी संपेना! मुग्धा तर वीस मिनिटं नुसत्या समासाच्या रेघा ओढत होती.

"अगं, झालंय ना तुझं?"

"झालंय, मॅडम. पण लवकर संपवलं की इथे जास्तीचं काम मिळतं!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून नियम बदलला. सोपं येतंय ना? मग ते सोडा आणि थेट डब्याकडे या.

*

मुग्धाला पहिलीच चिठ्ठी आली: 'घरच्यांना फेकून द्यायची आहे अशा एका वस्तूची इंग्रजीतून वकिली करा.' पाठ केलेलं काहीच उपयोगाचं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चुकलं तर, मॅडम?"

"चुकू दे. कोरा कागद मी घेत नाही."

तिने लिहिलं. दहापैकी चार दिले.

*

लगेच वडील हजर! मार्केट यार्डात त्यांचा कांदा-बटाट्याचा गाळा. "मॅडम, क्लास लावल्यावर मार्क कमी झालेले पहिल्यांदाच बघतोय. महिनाअखेर बघतो, नाहीतर काढतो तिला."

मुग्धा शेजारी मान खाली घालून उभी होती.

"येईल तिला. थोडा वेळ द्या," मी ठामपणे म्हणाले. अशी मुलगी मला गमवायची नव्हती.

*

महिनाअखेर वडील येऊन मागच्या बाकावर बसले. मुग्धाने डबा माझ्यापुढे धरला. "आज तुम्ही काढा, मॅडम."

चिठ्ठीवर अक्षर तिचंच: 'बाबांच्या गाळ्यावरची सकाळ, डोळ्यांनी पाहू न शकणाऱ्या माणसाला इंग्रजीतून सांगा.'

मी खडू घेतला. एक ओळ लिहिली, पुसली. दुसरी लिहिली, तीही पुसली.

मागून वडिलांचा आवाज आला, "काय गं, यांनाच येत नाही?"

"येईल, बाबा," मुग्धा म्हणाली. "थोडा वेळ द्या त्यांना."