चढताना चांगला पाय

"हसू येतं तिथं मी हसतो, पण त्याची पायरी चुकते," बुद्धभूषण वाहूळ एकदा म्हणाला होता.

अपंगांच्या संघटनेचे दोघे त्याच्या दुकानात सही मागायला आले होते, तेव्हाची गोष्ट. 'साडेतीन मित्र' ही विनोदी मालिका बंद करा, असा त्यांचा अर्ज होता. मालिकेत एक आंधळा, एक बहिरा आणि एक पायाने अधू असे तिघे मिळून चहाची टपरी चालवतात. संघटना म्हणत होती, ही टिंगल आहे. शेजारचा इस्त्रीवाला फकिरा म्हणायचा, "भूषणभाऊ, तुमच्यावरच काढलीय. रॉयल्टी मागा." समोरच्या औषधाच्या दुकानातल्या बाई सांगायच्या की कालच्या भागात रडू आलं, केवढी प्रेरणा मिळते. बुद्धभूषणला सही करायची नव्हती, आणि प्रेरणाही नको होती. त्याची तक्रार एवढीच होती, की मालिकेतला शंभू जिना चढताना आधी अधू पाय टाकतो. असं कोणी चढत नाही. चढला तर पडतो.

घाटी या सरकारी दवाखान्याच्या मागच्या गल्लीत त्याचं कॅलिपरचं दुकान. लुळ्या पायाला उभं धरणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, गुडघ्याशी खटका. त्याचा स्वतःचा डावा पाय दीड वर्षाचा असताना पोलिओने गेला. सोयगावहून वडिलांनी खांद्यावर बसवून इथं आणलं. ज्या कारागिराने त्याला पहिलं कॅलिपर घातलं, त्याच्याच हाताखाली तो पुढे काम शिकला. आता वय त्रेपन्न. पोलिओ संपला, गिऱ्हाईक कमी झालं. "बरंच झालं की," तो म्हणायचा, आणि ते मनापासून म्हणायचा.

मापाला आलेल्या मुलाला खाकी कागदावर निजवून तो पायाभोवती पेन्सिल फिरवायचा. दर वर्षी नवा कागद. जुने कागद गुंडाळून कपाटात. ते कपाट उघडलं की वाळलेल्या चामड्याचा वास यायचा आणि हळूहळू, हट्टाने, बोटबोटभर वाढलेल्या पायांची रांग लागायची. दुकानाला तीन पायऱ्या होत्या. पट्टे बांधून झाले की मुलाने त्या चढून-उतरून दाखवायच्या. चढताना चांगला, उतरताना वाईट. हे जमेपर्यंत तो कोणाला घरी जाऊ द्यायचा नाही.

पिशोरची सायली पाच वर्षांची असल्यापासून त्याच्याकडे यायची. जन्मापासून डावा पाय लुळा. आईबाप वाळूजला कंपनीत, पोर आजीजवळ. यंदा ती अकरा वर्षांची झाली आणि उन्हाळ्यात आजी, सारजाबाई, कॅलिपर पोत्यात घालून आली. गंजलेलं, गाळाने भरलेलं.

"इहिरीत टाकलं भाऊ हिनं. गळ टाकून काढलं."

"का गं?"

"शंभूदादानं टाकलं ना," सायली म्हणाली. ती आजीच्या खांद्याला लोंबकळत उभी होती. "लग्नाच्या भागात. मग तो नाचला."

तो भाग सगळ्या शहराने पाहिला होता. शंभू कॅलिपर विहिरीत भिरकावतो, म्हणतो, "लोखंड गेलं, शंभू राहिला!" आणि नाचतो. रिक्षावाल्यांच्या मोबाइलवर महिनाभर तेच वाजत होतं.

"आन् तू नाचली का?" सारजाबाई म्हणाली. "दोनदा पडली. हनवटी फुटली. पाय वाकडा व्हायला लागलाय, डॉक्टर म्हणतो अजून सहा महिने असंच राहिलं तर कापाकापी करावी लागंल. तुझा शंभू येणार हाय व्हय उचलायला?"

"येईल," सायली म्हणाली.

बुद्धभूषणने गंज घासून काढला, नवं चामडं लावलं. ती घालेना. शंभू नट आहे, त्याचे दोन्ही पाय धडधाकट आहेत, हे त्याला एका वाक्यात सांगता आलं असतं. त्याने सांगितलं नाही. टीव्हीत माझ्यासारखा एक आहे, असं ती शाळेत सगळ्यांना सांगत होती. ते तिच्याकडून काढून घ्यायचं त्याला धाडस झालं नाही.

म्हणून सिडकोतल्या एका सभागृहात मालिकेचा 'प्रेक्षक भेट' कार्यक्रम ठरला, तेव्हा त्याला वाटलं, सुटलो. हे शंभूनेच सांगावं. दोघींना पिशोरहून बोलावून घेतलं. कॅलिपर पिशवीत घेतलं. आयोजकांकडच्या मोनिका नावाच्या मुलीला दारातच शंभूसाठी चिठ्ठी दिली: 'सायलीला सांगा, मी चुकलो, तू कॅलिपर घाल. शक्यतो बसूनच बोला.'

"हो काका, नक्की घेऊ," ती म्हणाली आणि चिठ्ठी फाइलमध्ये ठेवली.

त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. दिवे लागले, गाणं सुरू झालं आणि शंभू मागच्या दारातून धावत आला. धावत. रंगमंचाच्या पाच पायऱ्या त्याने दोन उड्यांत संपवल्या.

सायलीने टाळ्या वाजवायला हात वर केले होते. ते तसेच राहिले.

मग प्रेक्षक बोलू लागले. एक बाई म्हणाल्या, मी रोज रडते. एकजण म्हणाला, आमचा पोरगा घरात तसाच चालून दाखवतो, हसून हसून मरतो आम्ही. सभागृह हसलं. शंभूने चालून दाखवलं, ते आणखी हसलं.

"काका," सायली हळूच म्हणाली, "ह्याच्या पायाला काय झालेलंच नाय?"

"नाय."

मग तिने डावा पाय पुढे केला. "घाला."

त्याला वाकून बसता येत नाही. खुर्ची धरून तो जमिनीवर उतरला, आपला पाय बाजूला सरकवला आणि पट्टे बांधू लागला. मांडीचा, गुडघ्याखालचा, घोट्याचा. सहा वर्षं ती पट्टे बांधताना बडबड करायची, गुदगुल्या होतात म्हणून हसायची. आज दुसऱ्या कोणाचा पाय असावा, तशी ती बघत होती. त्याला हवं होतं ते झालं होतं.

"आणि आपल्यात एक खरेखुरे शंभू बसलेत!" निवेदक वरून म्हणाला. मोनिकाने माइक बुद्धभूषणच्या तोंडाशी धरला. नेमका तेव्हाच गुडघ्याचा खटका बसला. खट्. सभागृहभर तो आवाज घुमला. लोकांना वाटलं, हे कार्यक्रमातच आहे. टाळ्या पडल्या. काही जण उभे राहिले.

"काका, सांगा ना," शंभूने वरून आदराने विचारलं, "माझी चाल कशी वाटली?"

खुर्चीला धरून बुद्धभूषण उठला. माइक घेतला. कधीपासून सांगायची होती ती पायरीची चूक समोरच्या पाच पायऱ्यांवर दाखवता आली असती. त्याने सायलीकडे पाहिलं. ती आपल्या गुडघ्याच्या खटक्याकडे बघत होती. शंभू तिच्याकडून गेला होता, पायरी सांगून तो परत येणार नव्हता.

त्याने माइक सारजाबाईच्या ओटीत ठेवला, रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली आणि मधल्या वाटेने चालू लागला. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. दाराबाहेर तीन पायऱ्या होत्या. आधी वाईट पाय, मग चांगला. तो उतरला आणि गेला.