गाळाची चव

नदी खराब झाली की नाही, हे तुम्ही कशावरून ठरवता? पाण्याच्या रंगावरून? वासावरून? आणि तळाशी बसलेल्या गाळाचं काय?

माझ्या मामांचं रान दौंड तालुक्यात भीमेच्या काठाला आहे, मुळा-मुठा येऊन मिळते त्याच्या खालच्या अंगाला. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की अख्खं गाव पात्रातला काळा गाळ ट्रॉल्या भरभरून रानात ओढतं. फुकटचं खत. मामा आधी त्याची परीक्षा घेतात. चिमूटभर गाळ बोटांत चोळायचा, हुंगायचा आणि जिभेवर ठेवायचा. खारट लागला तर नको. ही परीक्षा वेडगळ मुळीच नाही, क्षार जिभेला बरोबर कळतात. शिसं आणि कॅडमियम कळत नाहीत.

यंदा त्यांनी माझ्यासमोर गाळ चाखला आणि मी ओरडलेच.

"मामा, थुंका ते!"

"का गं? गोड हाय की."

"वरच्या कारखान्यांचं पाणी इथूनच जातं. त्यातले धातू खाली बसतात, गाळात."

"पाणी तपासलंय पंचायतीनं. चांगलं आलं."

"पाणी तपासलं! गाळ कुणी तपासला?"

"मग काढ की पत्रक," मामा हसले. माझं बालपण आई-बाबांच्या चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलं, हे त्यांना ठाऊक आहे.

पत्रक नाही काढलं. डबाभर गाळ घेऊन माती तपासायच्या प्रयोगशाळेत गेले. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "माती का पाणी?"

"गाळ."

"गाळाचा फॉर्म नाही, ताई. माती लिहा."

मी माती लिहिलं. काय काय तपासणार, हे विचारलंसुद्धा नाही. अहवाल आला तो नत्र, स्फुरद, पालाश आणि सेंद्रिय कर्बाचा. शिशाचा रकानाच नव्हता. कर्बापुढे मात्र 'भरपूर' असं छापलेलं. मामांनी तो कागद खिशात घालून पारावर नेला. "भाचीनं तपासून आणलाय!" दोन दिवसांत शेजारच्या दोघांनीही ट्रॉल्या लावल्या. ज्या गाळाविरुद्ध मी घसा फोडत होते, त्याला प्रमाणपत्र मीच आणून दिलं होतं. कुणावर चिडायचं? त्या खिडकीवर? फॉर्मवर? की माझ्यावर?

विहिरीजवळ मामीचा पालक-मेथीचा तुकडा आहे. जुड्या तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात जातात, उरलेली भाजी घरात शिजते. तिसरी ट्रॉली तिकडं वळली, तशी मामी बांधावर आडवी उभी राहिली.

"हितं न्हाई."

"अगं, कागद आलाय."

"ही म्हणती ते त्या कागदात हाय का?"

मामांनी खिशातला कागद काढून पुन्हा पाहिला.

"गाळ उपसताना एक गांडूळ दिसलं न्हाई. बगळंबी फिरकलं न्हाईत. आन् ही भाजी नातवंडं खात्यात. उसाला टाका न्हाईतर नदीत परत न्या."

ट्रॉली उसाकडं गेली. मी तिथंही अडवायला हवं होतं, कारण धातू एकदा मातीत मिसळले की निवडून काढता येत नाहीत. पण मामांच्या हातात तोच कागद असताना माझं कोण ऐकणार?

त्या गाळात धातू आहेत की नाहीत, मला अजून माहीत नाही. दुसरा नमुना पुण्याला दिलाय, या वेळी धातूंची नावं अर्जात एकेक लिहून. निकाल यायचाय. तळातले किडे, ते खाणारी चिलापी मासळी, ती चिलापी खाणारे आपण, सगळे या एका निकालावर टांगलेले, आणि इतक्या वर्षांत तो मागायचं कुणाला सुचलं नाही.

म्हणून काठावरच्या प्रत्येकाला सांगते: यंदा गाळ उचलण्याआधी ग्रामसभेत उभे राहा आणि तळातल्या गाळाची तपासणी लेखी मागा. शिसं, कॅडमियम, क्रोमियम ही नावं ठरावात लिहून घ्या. अहवाल हातात येईपर्यंत ढीग रानाबाहेर ठेवा, आणि पालेभाजीच्या वाफ्यात तर एक घमेलंही टाकू नका.