सव्वीस नंबरचा बिल्ला

शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दर चार मिनिटांनी मेट्रो धावते. तिचे डबे दुरुस्तीला येतात त्या डेपोत पक्कड एकतीस वर्षं फिटर होता. खरं नाव हजेरीपटावर, बाकी जगाला तो पक्कड. एकदा धरलं की सोडायचं नाही, मग बोल्ट असो की वाद.

डेपोत गाडी खड्ड्यावर उभी करतात आणि फिटर तिच्या पोटाखाली उतरतात. उतरण्याआधी प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला खड्ड्याबाहेरच्या जिन्याच्या माथ्यावर, त्या खड्ड्याच्या फळ्याला अडकवायचा, बाहेर आल्यावर आपल्याच हाताने काढायचा. फळा रिकामा झाला की सुपरवायझर शिट्टी वाजवतो आणि गाडीत करंट सोडतो. "ज्याचा बिल्ला, त्याचा हात," हे पक्कडच नव्या माणसांना घोकून घ्यायला लावी.

त्याच्याच जोडीला त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. बिल्ला सव्वीस नंबरचा. त्याचा गुडघा कामातून गेला होता. फळ्यापर्यंतच्या बावीस पायऱ्या चढताना देव आठवायचे.

"भावोजी, माझाही काढा हो. नाहीतर ताईला सांगेन, नवरा भावाचा छळ करतो."

"सांग की. लग्न झाल्यापासून तेच ऐकतोय मी."

सहा वर्षं पक्कड दोन्ही बिल्ले काढत होता. चांगुलपणाची एकदा सवय झाली की माणूस त्याच्याकडे बघायचं सोडून देतो. देवाचं नाव घेतानाही असंच होतं, ओठ चालतात आणि मन दुसरीकडे.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी दोघे खड्ड्यातून वर आले. पक्कड जिना चढला. मेहुण्याला ब्रेकजवळ ठेवलेला पाना आठवला आणि तो पुन्हा खाली उतरला. पक्कडने मागे पाहिलं नाही. त्याने दोन्ही बिल्ले काढले. शिट्टी वाजली. मेहुण्याला वाटलं असेल, शेजारच्या खड्ड्याची. आपल्याला उतरताना भावोजींनी बघितलंय, आपला बिल्ला अजून फळ्यावर आहे. आणि करंट सुटला.

चौकशीच्या आधी डेपोच्या साहेबांनी पक्कडला आत बोलावून दार लावलं. "फळ्यापाशी तुम्हाला कोणी पाहिलेलं नाही. त्याने स्वतःच बिल्ला काढला आणि परत खाली गेला, असं लिहू. गेलेला माणूस परत येणार नाही. तुमच्या निवृत्तीला एक वर्ष राहिलंय."

पक्कडने होकारार्थी मान हलवली. एवढंच.

घरी बायको भावाच्या फोटोला रोज बोल लावू लागली. "लहानपणापासून धांदरट! मेल्या, एवढंसं लक्षात राहिलं नाही तुला?" भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, तेच. पक्कड घास तोंडात धरून बसायचा.

अठराव्या दिवशी त्याने ताट बाजूला सारलं.

"त्याला नको बोलूस. बिल्ला मी काढला. नेहमी मीच काढायचो."

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "नेहमी म्हणजे?"

"सहा वर्षं. त्याचा गुडघा..."

तिने वाहता नळ बंद केला. मग ती हळू म्हणाली, "मीच म्हटलं होतं तुम्हाला. त्याला जिने चढायला लावू नका, म्हणून."

पक्कडला ते पहिल्या दिवसापासून आठवत होतं. हेच तिला कळू नये म्हणून आपण गप्प राहिलो, अशी तो स्वतःची समजूत घालत होता. नोकरीची भीतीही होतीच.

दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांना खरं ते लिहून दिलं. आठवड्यात त्याला घरी बसवलं. चौकशीच्या अहवालात मेहुण्याच्या नावापुढचा 'निष्काळजी' हा शब्द खोडला गेला.

फोटोला आता कोणी बोलत नाही. घरात बोलणंच उरलेलं नाही. जेवण झाल्यावर पक्कड सवयीने दोन्ही ताटं उचलायला हात पुढे करतो.

"राहू द्या," ती म्हणते. "माझं मी उचलते."