हेल्याच्या वाट्याचं दूध

आमच्या सासरी अंडं हा शब्दसुद्धा कोणी उच्चारत नसे. पारोळ्याजवळचं खेडं, घर माळकरी. सासरे, म्हणजे आमचे आबा, कुणाच्या लग्नाला गेले तरी पाण्याचा तांब्या घरून न्यायचे. न जाणो, त्या घरात कधी मटण शिजलं असलं तर! मुंग्यांना चिमूटभर साखर टाकल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. मी धुळ्याची, पण मीही जन्मात मांस तोंडात घातलेलं नाही. त्यामुळे अशा घरात पडले याचा मला केवढा तोरा!

सत्त्याऐंशी साल असेल. माहेरी बाळंत होऊन तीन महिन्यांची मुलगी घेऊन परत आले, त्याच आठवड्यात म्हैस व्याली. हेला झाला, म्हणजे नर. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत. अक्कांनी वाकून पाहिलं, "हेला शे," एवढंच बोलल्या आणि आत गेल्या. वगार, म्हणजे मादी, झाली असती तर गूळ वाटला असता.

अक्का धारेला बसल्या की हेल्याला सोडायचं. त्यानं दोन घोट ओढले, म्हशीला पान्हा फुटला, की त्याला दाव्यानं मागं खेचायचं. हे खेचायचं काम माझं. मान ताणून, जीभ बाहेर काढून तो आईकडे ओढ घ्यायचा, आणि मी टाच रोवून उभी. पंधरा दिवसांत त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या.

"अक्का, एक सड तरी सोडा की त्याला."

"काय व माय, तो मोठा व्हईसन दूध देई का?"

माझी जीभ मुळातच तिखट. आबा ओट्यावर पोथी वाचत होते, तिथं जाऊन म्हटलं, "आबा, मुंगीला साखर घालता, मग याचा जीव जीव नाही का?"

आबांनी चष्मा काढला. "आपण का त्याच्यावर सुरी चालवतोय, बाई? त्यानं आयुष्यच तेवढं आणलंय."

वा रे धर्म! असं मनात आलं, पण मोठ्यानं बोलायची छाती झाली नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "गावभर असंच चालतं. तू पोरीकडे बघ."

पोरीकडे बघतच होते की. माझं अंगावरचं दूध बेताचंच होतं, ती सारखी किरकिरायची. अक्का दोन्ही वेळा मोठा ग्लास भरून दूध हातात द्यायच्या आणि मी गटागटा प्यायची. ते दूध कुणाच्या तोंडचं, हे एकदाही डोक्यात आलं नाही. शहाणपणा शिकवायला मात्र मी सगळ्यांच्या पुढं!

मग मी चोरून सुरू केलं. दुपारी अक्कांचा डोळा लागला की हेल्याला सोडायची. काय ढुशा द्यायचा, काय शेपूट हलवायचा! आठ दिवस मी खुशीत होते. पण संध्याकाळी बादली भरेना. नवव्या दिवशी अक्कांनी त्याच्या तोंडावरचा फेस पाहिला. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी त्याला गावाबाहेरच्या खळ्यात नेऊन बांधायला सांगितलं, पुढ्यात कडब्याची पेंढी टाकून.

खळ्यात सुनेनं एकटीनं जायचं कसं? एकदा चारा आणायचं निमित्त करून नवऱ्याबरोबर गेले, पदराआड तांब्याभर पेज नेली. हेल्यानं मान वर केली नाही. चौथ्या दिवशी तो गेला. गोठ्यात असता तर दोन घोट तरी मिळाले असते. माझ्या दयेनं तेही तोडले. मी चुलीपुढं बसून ढसाढसा रडले.

आधी चार दिवस पुढ्यात पेंड ठेवून कशीबशी धार काढली होती; आता म्हैस दोन दिवस हंबरत राहिली, दूध चढवून बसली, पान्हा सोडेना. अक्कांनी हेल्याचं कातडं भुसा भरून शिवून आणवलं. चार काटक्यांचे पाय. त्यावर मीठ शिंपडून ते म्हशीपुढं उभं केलं. ती वेडी चाटायला लागली, मायेनं घुमायला लागली आणि तिला पान्हा फुटला. बादली भरली.

अक्का गरम ग्लास घेऊन आल्या. मी ओरडले, "मला नको! आजपासून दूध बंद!"

वाटलं, आता शिव्या बसणार. पण त्या माझ्याजवळ खाली बसल्या. "कोनासाठे काढस मी हाई दूध? तुन्हासाठेच ना, माय. बठ्ठं दूध त्याले दिधं असतं, तं तू काय पिशी? तुन्ही पोर काय पिई?"

पोर माझ्या मांडीवर होती. तिनं दोन वेळा ओढून पाहिलं, तोंड सोडलं आणि लालबुंद होऊन किंचाळायला लागली. मी दुसऱ्या बाजूला घेतलं. तिथंही तेच.

मी ग्लास घेतला. एका दमात संपवला आणि तोंड पुसत म्हटलं, "अक्का, अजून आहे का?"