पाटकऱ्याच्या घरचं शेवाळ

अभिमन आबांनी उभा जन्म पांझरा नदीच्या पाटावर काढला. साक्रीकडच्या त्यांच्या गावात बंधाऱ्याचं पाणी पाळीपाळीनं वावरात सोडायचं काम पाटकऱ्याचं, आणि पाटकरी म्हणजे आबा. फावडं खांद्यावर टाकून ते बांधावरून निघाले की पाणी हाक मारलेल्या वासरासारखं त्यांच्या मागून येई. शेवटचं वावर भिजल्याशिवाय ते भाकरीला बसत नसत. माणूस तसा शांत, पण एका गोष्टीनं त्यांचं डोकं फिरे. पाटात शेवाळ धरलं म्हणजे पाणी तुंबलं, आणि पाणी तुंबलं म्हणजे पाटकरी झोपला, असा गावचा समज. शेवाळ हा शब्द आबांना शिवीसारखा लागायचा.

आता आबा धुळ्याला, देवपुरात, मुलाच्या फ्लॅटमध्ये राहत होते. तिथं ना बांध ना पाट, आणि नळाला येतं ते आबांच्या लेखी पाणीच नव्हतं. त्यांची बायको झुंबरबाई हिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. हिरवं बघितलं की डोळा निवतो, असं आबांचं मत. पण खिडकीतून दिसायच्या त्या गच्चीवरच्या काळ्या टाक्या. म्हणून मुलाच्या, राकेशच्या, मागे लागून त्यांनी माशांची काचपेटी आणली. मासे नावालाच; तळाला माती आणि मातीत पाण्यात वाढणारी झाडं.

झुंबरबाईला त्या पेटीनं वेडच लावलं. चहाची बशी हातात घेऊन ती समोर बसे. पाण्यातली पानं हलत, आणि हलताना त्यांना कसली घाई नसे. बघता बघता मागची भिंत विरून जाई, रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज कुठल्या कुठे जाई, आणि झुंबरबाई पुन्हा पांझरेच्या डोहात पाय सोडून बसलेली असे. धुणं दगडावर तसंच, ऊन पाण्याच्या तळापर्यंत गेलेलं, आणि घरी जायची कुणाची हाक नाही. भानावर आली की ती एका नाजूक पानाची शीर शोधी. भांडीकुंडी काय, चाचपूनही कळतात. ही शीर दिसली तर डोळा खरा, असं तिनं स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं.

दुकानदारानं आबांना बजावलं होतं की दिवा दिवसातून थोडा वेळच लावा, नव्या पाण्यात झाडं आधी जुनी पानं गाळतात, घाबरून खत घालू नका. आबांनी ऐकलं आणि सोडून दिलं. पाणी मोजून देणारे साहेब त्यांनी आयुष्यभर पाहिले होते, तसलाच हा एक. बायकोला नीट दिसावं म्हणून ते उजाडताच दिवा लावत आणि निजताना बंद करत. पानं पारदर्शक होऊन गळायला लागली तशी त्यांनी गावाकडची खताची पुडी काढली आणि चिमूट चिमूट सोडली. झाडं उपाशी राहिली तर पाटकरी कसला? अति तिथं माती म्हणतात, इथं जास्तीच्या उजेडानं नि खतानं मातीऐवजी शेवाळ आलं. आधी पानांवर लव, मग काचेला आतून हिरवा थर.

एका सकाळी झुंबरबाईला शीर दिसेना. तिनं पदरानं काच पुसली, धुकं तसंच. तिनं सहज विचारल्यासारखं आबांना विचारलं, काच साफ आहे ना? आबांना शेवाळ केव्हाच दिसलं होतं. पण पाटकऱ्याच्या घरी शेवाळ, हे कुठल्या तोंडानं सांगणार? आरशासारखी साफ आहे, म्हणाले ते.

ज्या माणसानं पाण्याच्या बाबतीत गावाला कधी फसवलं नाही, त्याचा शब्द तिनं खरा मानला. म्हणजे खोट आपल्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यातच. ती मूग गिळून बसली. रोज धुकं दाट होई, आणि तिला वाटे की आपण डोहात हळूहळू खाली चाललोय, वरचा उजेड लांब जातोय. मऊ, गार, हिरवं. भीती वाटायला हवी तेवढी वाटत नाही, याचीच तिला भीती वाटू लागली.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन मात्र तिनं साफ नाकारलं. राकेशनं समजावलं, आबांनी समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. दवाखान्याच्या दिवशी राकेश रिक्षा आणायला खाली गेला, तरी ही पेटीसमोरून उठेना. आबा चिडले. तेव्हा ती त्यांच्याकडे न बघताच आपल्या अहिराणीत बोलली.

"एक डोया तर गयाच ना. तुम्ही सांगतस काच साफ शे, माले ते बठ्ठं हिरवं धुकं दिखस. आते दुसरा कसाले वाया घालू?"

आबांना आता उमगलं. इतके दिवस ही आंधळी व्हायच्या भीतीत बसून होती, ती आपल्या एका शब्दानं. त्यांनी बाही सारली, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि पंच्याच्या टोकानं काच आतून घासली. हिरवा थर सुटून पाण्यात तरंगला.

"राकेशनी माय, तुन्हा डोयामा काही नही," ते म्हणाले. "शेवाय मन्हा पाटमा शे."

घासलेल्या पट्ट्यातून झुंबरबाईनं पाहिलं. अर्धं कुजलेलं एक पान, त्याच्या बुडाशी नवा कोंब, आणि त्याच काचेत उमटलेला, पेटीवर वाकलेल्या नवऱ्याचा चेहरा. त्याच्या गालावरून ओघळलेलं पाणी पेटीतलं नव्हतं, हेही तिला स्वच्छ दिसलं. तिला रडू आलं, आणि रडता रडता रागही आला.

"पहिले तो दिवा बंद करा," ती उठत म्हणाली. "नि चला दवाखानामा. लबाड मानूसवर दोन्ही डोया ठेवना पडतीन."